दरवर्षी नवा फोन, नवा लॅपटॉप? आधी हातातला तपासा

उत्तर आधी, कारणं नंतर. बहुतेक घरांत फोन दरवर्षी बदलायची काहीही गरज नसते. बऱ्यापैकी किमतीचा फोन चार ते पाच वर्षं आणि लॅपटॉप सहा ते सात वर्षं व्यवस्थित चालतो. मधे एकदा बॅटरी बदलावी लागते, लॅपटॉपला एखादा सुटा भाग घालावा लागतो, एवढंच. ज्यांची रोजची कमाई कॅमेऱ्यावर किंवा यंत्राच्या वेगावर उभी आहे, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, जाहिरातीचं शूटिंग फोनवर करणारे, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी ते अवजार आहे आणि ते किती कमावून देतं यावर ते बदलायचं. बाकीच्यांनी बाजारात नवीन काय आलं हे बघून नव्हे, तर हातातल्या यंत्राची अवस्था बघून निर्णय घ्यावा. ती अवस्था कशी बघायची, काय बिघडतं, का बिघडतं आणि कोल्हापुरात ते दुरुस्त करून घेताना काय विचारायचं, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

आधी कागदावर हिशेब

फोनची खरी किंमत बिलावर नसते. ती अशी काढायची: खरेदी किंमत, त्यात दुरुस्तीचा खर्च मिळवायचा, विकताना मिळालेले पैसे वजा करायचे आणि जितकी वर्षं वापरला त्यानं भागायचं.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. ३०,००० रुपयांचा फोन वर्षानं एक्स्चेंजला दिला आणि १६,००० आले. घट झाली १४,००० ची. नव्या फोनला नवं कव्हर, नवी काच, कधी नवा चार्जर, म्हणून आणखी १,००० धरा. वर्षाचा खर्च १५,०००. आता तोच फोन चार वर्षं ठेवला, मधे २,५०० ची बॅटरी घातली आणि शेवटी ५,००० ला दिला. एकूण खर्च २७,५००, म्हणजे वर्षाला ६,८७५. दोन्हींतला फरक वर्षाला ८,१२५ आणि चार वर्षांत ३२,५००. एक अख्खा नवा फोन त्यात बसतो.

असं होतं कारण किमतीतली सगळ्यात मोठी घसरण पहिल्याच वर्षात होते. सील फुटलं की तो सेकंडहँड. पुढच्या वर्षांत घसरण मंदावते. दरवर्षी बदलणारा माणूस दरवेळी नेमकं तेच महागडं पहिलं वर्ष विकत घेत असतो.

पायरी पहिली: सुरक्षा अपडेट चालू आहेत का

ही तपासणी सगळ्यात आधी करायची, कारण हा एकच दोष असा आहे की तो कुठल्याच दुकानात दुरुस्त होत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे ‘अँड्रॉइड व्हर्जन’ उघडा. काही फोनवर हे ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये असतं. तिथे ‘अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ अशी ओळ आणि तारीख दिसेल.

तारीख गेल्या तीन महिन्यांतली असेल तर निर्धास्त राहा. सहा महिन्यांपूर्वीची असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर आपलं मॉडेल अजून यादीत आहे का ते पाहा. वर्षाहून जुनी असेल, तर त्या फोनवरून बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार करणं बंद करा, मग फोन कितीही गुळगुळीत चालत असू दे.

इथे एक चकवा आहे. त्याच पानावर ‘गूगल प्ले सिस्टीम अपडेट’ अशी दुसरी तारीख असते. कंपनीनं फोन वाऱ्यावर सोडल्यानंतरही ही दुसरी तारीख पुढे सरकत राहू शकते, कारण ते अपडेट थेट गूगलकडून येतं. ती बघून समाधान मानू नका. प्रोसेसर, मोडेम, कॅमेरा यांच्या ड्रायव्हरमधली, म्हणजे ते भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅममधली भोकं बुजवणारं अपडेट पहिल्या तारखेचं असतं.

किती वर्षं अपडेट मिळणार हे खरेदीच्या वेळीच बघायला हवं. गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं आहे. ॲपल आधी मुदत छापून देत नसली, तरी २०१८ मध्ये आलेल्या आयफोन एक्सएस आणि एक्सआरला नवी आयओएस मिळणं २०२५ मध्ये थांबलं, यावरून अंदाज येतो. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनची मुदत मात्र दोन-तीन वर्षांतच संपते. आणि ही मुदत मोजली जाते फोन बाजारात आला त्या दिवसापासून, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. तीन वर्षांच्या मुदतीचा फोन दीड वर्षानं सेलमध्ये ‘अर्ध्या किमतीत’ घेतला, तर त्याचं निम्मं आयुष्य दुकानातच संपलेलं असतं.

पायरी दुसरी: बॅटरी

‘फोन म्हातारा झाला’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा म्हातारी झालेली असते फक्त बॅटरी.

लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य सायकलमध्ये मोजतात. शंभर टक्के वापर झाला की एक सायकल. आज पन्नास टक्के वापरली, रात्री भरली, उद्या पुन्हा पन्नास वापरली, तर दोन दिवसांत एक सायकल. ॲपलच्या सांगण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी ५०० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशी बनवलेली आहे. आयफोन १५ पासून हाच आकडा १,००० सायकलचा आहे. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्याच्या ५०० सायकल दीड वर्षाच्या आत पुऱ्या होतात. तेवढ्यासाठी अख्खा फोन बदलणं म्हणजे टायर झिजला म्हणून गाडी विकणं.

आयफोनवर सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ या मार्गानं टक्केवारी थेट दिसते. सॅमसंगवर ‘सॅमसंग मेंबर्स’ ॲप उघडून डायग्नोस्टिक्समध्ये बॅटरीची स्थिती पाहता येते. इतर अनेक अँड्रॉइडवर असा आकडा सहज मिळत नाही. तिथे रात्रीची परीक्षा घ्या. झोपताना बॅटरी १०० टक्के करा, एअरप्लेन मोड लावा, सगळी ॲप बंद करा. सकाळी दोन-चार टक्के उतरली असेल तर ठीक. दहा-बारा टक्के उतरली असेल तर बॅटरी थकली आहे किंवा एखादं ॲप पाठीमागे चालू आहे. दुसऱ्या रात्री सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण टाकलेली ॲप बंद ठेवून फोन चालवणाऱ्या मोडमध्ये, हीच परीक्षा घ्या. त्यात उतार थांबला तर दोष ॲपचा, नाही थांबला तर बॅटरीचा.

दुसरी खूण म्हणजे वीस-पंचवीस टक्के दाखवत असताना फोन पटकन बंद पडणं आणि चार्जर लावताच पुन्हा पंधरा-वीस टक्के दाखवणं. जुन्या बॅटरीचा आतला अवरोध वाढलेला असतो. कॅमेरा उघडला, फ्लॅश पडला किंवा रेंज नसलेल्या घाटात फोन सिग्नल शोधायला लागला, की एकदम जास्त करंट लागतो. तेवढ्या ओढीत व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. बॅटरीत चार्ज असतो, पण तो वेळेवर देता येत नाही.

तिसरी खूण धोक्याची आहे. मागचं झाकण उचललेलं, पडद्याची एक कड वर आलेली, फोन टेबलावर ठेवला की डुलणारा. ही फुगलेली बॅटरी. असा फोन चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, थेट दुरुस्तीला न्या.

बॅटरी लवकर मरते ती उष्णतेनं. कोल्हापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात मोटरसायकलच्या हँडलवर फोन, त्यावर नकाशा चालू, वर यूएसबीनं चार्जिंग: ही तिन्ही एकत्र आली की बॅटरीचे हाल होतात. शिवाय इंजिनाच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली लेन्स स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ॲपलनं २०२१ मध्येच तसा इशारा दिला आहे. गाडीवर फोन लावायचाच असेल तर थरथर शोषणारा माउंट वापरा आणि चार्जिंग बंद ठेवा. रात्रभर फोन चार्जिंगला राहत असेल तर सेटिंग्जमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे का पाहा; नव्या आयफोन, सॅमसंग, पिक्सेल आणि बऱ्याच लॅपटॉपवर ती असते. उशीखाली फोन ठेवून चार्जिंग करणं तर बंदच करा.

बॅटरी बदलताना काउंटरवर काय विचारायचं

पहिला पर्याय कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथे दर जास्त वाटला तरी पावती आणि दुरुस्तीची वॉरंटी मिळते. मॉडेल जुनं असल्यानं भाग येत नसेल, किंवा दर परवडत नसेल, तर राजारामपुरीत, शाहूपुरीत चांगले हात असलेले कारागीर आहेत. फोन देण्याआधी त्यांना इतकं विचारा.

बॅटरी कुठली? ‘ओरिजिनल’ हा शब्द दुकानागणिक वेगळ्या अर्थानं येतो. कंपनीची, जुन्या फोनमधून काढलेली, की दुसऱ्या उत्पादकाची, हे स्पष्ट विचारा. काढलेली बॅटरी कंपनीची असली तरी घेऊ नका. तिच्या सायकल आधीच खर्ची पडलेल्या असतात. बॅटरीवरची उत्पादनाची तारीख पाहा. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेली बॅटरी न वापरताही उतरलेली असते. मूळ बॅटरीपेक्षा खूप मोठा एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा आकडा छापलेली, आकारानं मात्र तेवढीच असलेली बॅटरी असेल, तर तो आकडा खोटा समजा.

मागचं झाकण परत बसवताना नवी चिकटपट्टी लावणार का? फोन उघडताना झाकण गरम करून जुना गोंद सोडवतात. तोच गोंद पाणी अडवत असतो. जुन्यावरच झाकण दाबून दिलं तर फोन दिसायला पहिल्यासारखा होतो आणि पहिल्याच पावसात आत ओल जाते. नवी पट्टी लावली तरी कारखान्यातल्याइतकी खात्री उरत नाही, म्हणून एकदा उघडलेला फोन ‘वॉटरप्रूफ’ समजून वापरू नका.

आयफोनमध्ये बाहेरची बॅटरी घातली तर सेटिंग्जमध्ये भाग अनोळखी असल्याचा संदेश येतो आणि बॅटरी हेल्थचा आकडा कदाचित दिसत नाही. फोन बिघडला असा त्याचा अर्थ नाही, पण पुढे विकताना भाव पडतो. हे आधी माहीत असू द्या.

फोन हातात आल्यावर दुकानातच पाच मिनिटं काढा. बोटाचा ठसा, दोन्ही स्पीकर, माइक, पुढचा-मागचा कॅमेरा, वायरलेस चार्जिंग असेल तर ते, आणि आवाजाची बटणं. उघडताना तुटतात त्या पातळ फ्लेक्स पट्ट्या, आणि त्यांचा दोष लगेच दिसतो.

पायरी तिसरी: चार्जिंगचं भोक, लोखंडाची धूळ आणि ओल

चार्जिंग होत नाही, किंवा फास्ट चार्जिंग बंद झालं, म्हणून फोन बदलायला निघालेल्यांनी आधी टॉर्च लावून त्या भोकात पाहावं. खिशातली लव आत दाबून दाबून तिची घट्ट गादी झालेली असते. केबल पूर्ण आत जात नाही आणि संपर्कपिनं नीट लागत नाहीत. फोन बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करा, आणि मधल्या जिभेला धक्का न लावता कडेकडेनं हलक्या हातानं लव बाहेर ओढा. टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नका, पिनं शॉर्ट होतात किंवा वाकतात. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीची ओल आत जाते. नंतर दुसऱ्या केबलनं आणि दुसऱ्या चार्जरनं तपासा. तरीही अडचण असेल तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंगचा भाग वेगळ्या छोट्या पट्टीवर असतो. दुकानात त्याला ‘चार्जिंग बोर्ड’ किंवा ‘सब बोर्ड’ म्हणतात. तो एकटा बदलता येतो आणि पडद्याच्या मानानं बराच स्वस्त असतो.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं फाउंड्रीत आणि लेथवर काम करणाऱ्यांच्या फोनला एक वेगळाच त्रास होतो. हवेतला बारीक लोखंडाचा कण स्पीकरच्या आणि कानाजवळच्या रिसीव्हरच्या चुंबकाला ओढला जातो. जाळीवर करड्या, काळपट केसाळ ठिपक्यांची रांग दिसते. ब्रशनं घासली की ती सरकते, सुटत नाही. समोरच्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो आणि माणसाला वाटतं, फोन गेला. चिकटपट्टीचा तुकडा किंवा निळसर चिकट पुट्टी जाळीवर हलकेच दाबून उचला, नवा तुकडा घेऊन पुन्हा करा, आठ-दहा वेळा. हवेचा पाइप मारू नका. कॉम्प्रेसरच्या दाबानं कण आत जातात आणि माइकचा पातळ पडदा फाटतो. रोज शॉपफ्लोअरवर असणाऱ्यांनी जाळीवर कापडी पडदा असलेलं कव्हर घ्यावं, किंवा कामाच्या वेळी फोन झिप असलेल्या प्लास्टिक पिशवीत ठेवावा.

पावसाळा हा तिसरा शत्रू. जुलै-ऑगस्टमध्ये इथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे चार्जिंगचं भोक कोरडं कसं राहील? ओल असताना केबल जोडली की पिनांवर हिरवट थर धरतो आणि हळूहळू संपर्क तुटतो. ‘मॉइश्चर डिटेक्टेड’ असा इशारा आला तर तो खोटा समजून परत परत केबल घालू नका. फोन भोक खाली करून हलकेच आपटा, पंख्यासमोर काही तास उभा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदळाची पूड भोकात बसते आणि आतली ओल काही निघत नाही. पुराच्या पाण्यात बुडालेला फोन चालू होतो का हे तपासण्यासाठी बटण दाबू नका. बंद ठेवूनच दुकानात न्या, कारण नुकसान पाण्यापेक्षा पाण्यातून वाहणाऱ्या करंटनं जास्त होतं.

स्टोरेज नव्वद टक्क्यांच्या वर भरलं की फोन रेंगाळतो, कारण नवं लिहायला मोकळी जागा करण्यातच मेमरीचा वेळ जातो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा आणि मोठ्या फाइल व फॉरवर्ड झालेले व्हिडिओ काढा. निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

पायरी चौथी: दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं

पडदा फुटला की प्रश्न येतो. ‘निम्म्या किमतीपेक्षा जास्त खर्च असेल तर नवा घ्या’ हा नियम ढोबळ आहे. त्याऐवजी असं करा: दुरुस्तीचा खर्च भागिले त्यानंतर फोन जितकी वर्षं चालेल ती वर्षं. हा आकडा वर काढलेल्या वर्षाच्या खर्चापेक्षा कमी असेल तर दुरुस्त करा. पडद्याला ६,००० आणि फोन दोन वर्षं चालणार, तर वर्षाला ३,०००. ६,८७५ पेक्षा कितीतरी कमी. पण सुरक्षा अपडेट सहा महिन्यांत संपणार असतील, तर तोच खर्च वर्षाला १२,००० च्या दरानं पडतो. तेव्हा ती चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पडद्याबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. दुकानात पडदा आणि टच मिळून येणाऱ्या भागाला ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात. मूळ फोनमध्ये ओलेड पडदा असेल तर स्वस्तात बसणारा कॉम्बो बहुधा साध्या एलसीडीचा असतो. तो जाड असतो, काळा रंग करडा दिसतो, बॅटरी जास्त खातो, आणि मुख्य म्हणजे पडद्याखालचा बोटाचा ठसा बंद पडतो, कारण तो सेन्सर एलसीडीच्या पाठीमागच्या प्रकाशथरातून पाहू शकत नाही. ‘फिंगर चालेल का?’ हा एकच प्रश्न विचारला की कुठला पडदा देतायत ते कळतं.

मदरबोर्डवरची दुरुस्ती मात्र जपून. पाणी गेलेला किंवा आपोआप रीस्टार्ट होणारा फोन बोर्ड गरम करून चालू करून देतात, पण तो किती दिवस टिकेल याचा भरवसा नसतो. त्यातला डेटा काढून घेण्यापुरती ती दुरुस्ती करा.

लॅपटॉप: इथे पैसे खरंच वाचतात

फोनपेक्षा लॅपटॉप सहज उघडता येतो, भाग बदलता येतात, म्हणून तो बदलण्याची घाई सगळ्यात कमी करावी. शिवाजी विद्यापीठातल्या किंवा इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा पाच वर्षांचा लॅपटॉप बऱ्याचदा दोन सुट्या भागांनी पुन्हा उभा राहतो.

आधी रोग ओळखा. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ पाहा. डिस्क सतत १०० टक्के आणि ती ‘एचडीडी’ (जुन्या पद्धतीची फिरती डिस्क) असेल तर औषध एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क. मेमरी ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम वाढवा. मेमरीच्या पानावरच किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. सीपीयू सतत शंभरावर असेल आणि पंखा घोंघावत असेल तर आधी आतली धूळ साफ करून घ्या, थर्मल पेस्ट बदला. एवढं करूनही सीपीयूच कमी पडत असेल तरच यंत्र बदलायचा विचार करा.

भाग घेताना चुका ठरावीक होतात. रॅम डीडीआर४ की डीडीआर५ हे न पाहता घेतली, ती बसतच नाही, खाच वेगळी असते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर झाळलेली असते. तिथे वाढवता येत नाही. एसएसडीत २.५ इंची साटा, एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई असे प्रकार आहेत. एम.२ चे दोन्ही प्रकार दिसायला भाऊ-भाऊ असले तरी काही स्लॉट एकच प्रकार ओळखतात. म्हणून मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर पाहा किंवा जुना भाग काढून दुकानात न्या.

काम सुरू करण्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की शोधून कागदावर लिहून ठेवा. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अपडेट केलं किंवा बोर्ड बदलला की यंत्र ती की मागतं, आणि ती नसेल तर आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही. या कारणानं प्रोजेक्ट गमावलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. फाइल कुठे तयार झाली ते तिथेच दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. ‘डिझाइन कपॅसिटी’ ४२,००० आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ २३,००० असेल तर बॅटरी ५५ टक्क्यांवर आली आहे. टचपॅड वर उचललेलं वाटलं, क्लिक होईनासं झालं, तर खालची बॅटरी फुगली आहे.

विंडोज १० चं सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ ॲप चालवलं की आपलं यंत्र बसतं का ते कळतं. टीपीएम नाही असं आलं तरी लगेच निराश होऊ नका. अनेक यंत्रांत ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलवर त्याचं नाव ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’. यंत्र बसतच नसेल तर विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यापुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घाला. ब्राउझर, मराठी टायपिंग, कागदपत्रं, व्हिडिओ कॉल हे सगळं त्यावर होतं. टॅली किंवा ऑटोकॅड लागत असेल तर मात्र विंडोजच हवं.

बाकी वस्तूंबद्दल थोडक्यात. टीव्हीचं पॅनेल चांगलं असेल आणि फक्त ॲप चालेनाशी झाली असतील, तर एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, टीव्ही बदलू नका. कानातल्या वायरलेस बड्सची बॅटरी इवलीशी असते आणि बहुतेकांत बदलता येत नाही. दोन-तीन वर्षं चालले तर पैसे वसूल समजा, आणि म्हणूनच फार महाग घेऊ नका. स्मार्टवॉचचंही साधारण तेच.

घ्यायचाच ठरला तर

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर खरेदी करायला हरकत काहीच नाही, पण मॉडेल महिनाभर आधी ठरवून त्याची किंमत लिहून ठेवा. म्हणजे ‘सवलत’ किती खरी ते कळेल. बहुतेक अँड्रॉइड फोन बाजारात आल्यावर काही महिन्यांत उतरतात, पहिल्या आठवड्यात घेण्यात फायदा नाही.

काउंटरवर पहिला प्रश्न असा विचारा: ‘ईएमआय नको, एक्स्चेंज नको, सरळ पैसे दिले तर कितीला?’ हा आकडा कळला की बाकी सगळं उलगडतं. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याज असतंच, तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी वजा दाखवतात. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फी तुम्ही भरता, आणि रोखीची सवलत सुटते ती वेगळीच. एक्स्चेंजमध्ये जुन्या फोनची किंमत आणि वरचा बोनस हे दोन आकडे वेगवेगळे मागा. बोनस मोठा आणि फोनची किंमत नगण्य असेल तर जुना फोन बाहेर विकून जास्त मिळतील.

व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला जीएसटी नंबर घाला. फोनवरचा १८ टक्के कर इनपुट क्रेडिटमध्ये घेता येतो. बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक लिहिला आहे ना पाहा, आणि फोनवर *#०६# दाबून दाखवतो तोच आहे ना, तेही.

सेकंडहँड घेताना केवायएम, मग जागा सोडून पंधरा आकडी आयएमईआय, असा इंग्रजी अक्षरांत एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. संचार साथी पोर्टलवरही ही सोय आहे.

जुना देताना, याच क्रमानं

नवा फोन चार-पाच दिवस नीट वापरून झाल्याशिवाय जुना पुसू नका. आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप. मग ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचे कोड देणारं) नव्या फोनवर हलवा. हे विसरणाऱ्यांना पुढे आपल्याच खात्यात शिरता येत नाही. यूपीआय आणि बँकेची ॲप नव्या फोनवर सुरू झाल्यावर जुन्यावरून डीरजिस्टर करा. सिम आणि मेमरी कार्ड काढा, ई-सिम हलवा. त्यानंतर अँड्रॉइडवर सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करून साइन-आउट करा. फॅक्टरी रीसेट सगळ्यात शेवटी. खातं न काढता बटणं दाबून रीसेट केलं तर फोन घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड मागत बसतो आणि दुसऱ्याच दिवशी घेणारा दारात येतो.

विकताना एका कागदावर तारीख, आयएमईआय, रक्कम, घेणाऱ्याचं नाव आणि सही घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे त्या फोनवरून काही भानगड झाली तर हाच कागद कामाला येतो.

अजिबात चालत नसलेलं यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, बॅटरी फोडल्या जातात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि वापरून झालेल्या वस्तूंची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला परत घेण्याची सोय विचारा किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्या. फुगलेली बॅटरी असेल तर तिला टोचू नका. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून घराबाहेर सावलीत ठेवा आणि देताना ‘फुगलेली आहे’ हे तोंडानं सांगा.